दाजींची फेरमोजणी

फोन आला तेव्हा मी दुकानात होतो. क्रांती चौकाजवळ माझं औषधांचं दुकान आहे आणि सकाळी अकराची वेळ म्हणजे गिऱ्हाइकांची झुंबड. एका आजोबांना कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती नंतर ते समजावत होतो, तेवढ्यात माझ्या भाचीचा, वैशालीचा, फोन आला. "मामा, पप्पा गेले…" एवढंच ती म्हणाली आणि फोन बंद झाला. खरं सांगायचं तर रडू आलं नाही. पहिला विचार मनात आला तो असा, की माझ्या जागी दाजी असते तर त्यांनी या बातमीवर विश्वास ठेवला नसता. दुसरीकडे कुठंतरी फोन लावून आधी खातरजमा केली असती. मीही तेच केलं. हॉस्पिटलच्या वॉर्डात फोन लावला, नाव सांगितलं, खाटेचा नंबर सांगितला. पलीकडच्या सिस्टरनं रजिस्टर बघून सांगितलं, "हो सर, दहा मिनिटांपूर्वी." मग मात्र मी काउंटरमागच्या स्टुलावर बसलो आणि त्या आजोबांनीच मला पाणी आणून दिलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, हृदयाची झडप बदलण्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर चौथ्या दिवशी ते गेले. आज त्याला सात आठवडे झाले. ते ऑपरेशन करून घ्या, असं त्यांना मी सांगितलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण हे मनात ठेवून त्यांच्या गमतीजमती लिहीत बसणं मला जमणार नाही.

त्यांची सगळी नोकरी जमिनी मोजण्यात गेली. गावोगाव जायचं, भांडणाऱ्या भावाभावांच्या मध्ये उभं राहून बांध कुठं होता आणि आता कुठं आहे ते टेपानं दाखवायचं, आणि दोघांच्याही शिव्या खाऊन परत यायचं. "सुधाकर, बांधाला पाय नसतात, पण तो दरसाल हातभर चालतो," ते मला म्हणायचे, "अन् दोन्ही बाजूचे देवाची शपथ घेऊन सांगतात, की तो जागेवरच हाय." तीस-बत्तीस वर्षं हेच ऐकल्यावर माणूस जसा व्हायचा तसे ते झाले होते. कुणीही काहीही सांगितलं, की त्यांचा एक प्रश्न ठरलेला असायचा. "यात तुझा काय फायदा?" हा प्रश्न त्यांनी दूधवाल्याला विचारला, नगरसेवकाला विचारला, सत्यनारायणाचं आमंत्रण घेऊन आलेल्या शेजाऱ्यालाही विचारला. शेजारी बिचारा प्रसादाचं सांगायला आला होता, तो तसाच परत गेला.

आमच्या घरात ते शिरले तेसुद्धा तपास करतच. आम्ही मूळचे पाचोडचे, वडिलांचं तिथं कापडाचं दुकान. ताईला बघायला दाजी वडीलधाऱ्यांबरोबर रीतसर येऊन गेले, पोहे खाल्ले, काही बोलले नाहीत. पुढच्या आठवडी बाजाराच्या दिवशी, दुकानात पाय ठेवायला जागा नसताना, डोक्याला रुमाल गुंडाळून हे एकटेच परत आले. मी तेव्हा कॉलेजात होतो, बाजाराच्या दिवशी वडिलांना मदत करायचो. मी ओळखलं, वडिलांनी नाही ओळखलं. यांनी दोन मीटर कापड घेतलं, बाहेर जाऊन खिशातला टेप काढून मोजलं आणि आत येऊन म्हणाले, "तुम्ही चार बोटं जास्त दिलंय." वडील म्हणाले, "असू द्या, शिवताना कमी पडायला नको." झालं, यांचा प्रश्न आलाच. "यात तुमचा काय फायदा?" वडील मीटरपट्टी खाली न ठेवताच म्हणाले, "फायदा काय असायचा? गिऱ्हाईक परत येतं." पंधरा दिवसांनी दाजी खरंच परत आले, या वेळी लग्नाची तारीख ठरवायला. ताईला ही गोष्ट लग्नानंतर कळली आणि ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

नोकरी संपल्यावर ते या शहराच्या मागं लागले. मोजायला शेत उरलं नव्हतं, मग हाताशी जे सापडेल ते मोजायचं. क्रांती चौकातल्या सिग्नलवर उलटे आकडे दिसतात, त्यातले सेकंद खऱ्या सेकंदापेक्षा मोठे आहेत, असं त्यांनी एके दिवशी मला दुकानात येऊन सांगितलं. मी गिऱ्हाईक सोडून त्यांच्याबरोबर चौकात जाऊन उभा राहिलो, मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. सेकंदाला सेकंद बरोबर होता. त्यांनी माझं घड्याळ हातात घेऊन उलटंपालटं केलं. "हे औषध कंपनीनं तुला फुकट दिलेलं ना? मग ते काय सांगणार!" गतिरोधकांवर त्यांचं वेगळंच मत होतं. रस्त्यावर उंचवटा का आहे ते विचारू नये, तो ज्याच्या दारासमोर आहे त्याचं नाव विचारावं. आमच्या भागातले सगळे गतिरोधक त्यांनी पहाटे फिरायला जाताना टेपानं मोजून वहीत लिहून ठेवले होते. पहाटे फिरायला जाणाऱ्यांवरही त्यांचा विश्वास नव्हताच. जो माणूस चालण्यासाठी बागेपर्यंत गाडीनं जातो, तो तिथं चालायला जात नसून कुणाला तरी भेटायला जात असणार, असा त्यांचा पक्का ग्रह होता. 

कचऱ्याची गोष्ट तर आमच्या घरात अजून सांगतात. ओला आणि सुका कचरा वेगळा द्यायचा, हा नियम आल्याबरोबर कॉलनीत सगळ्यात आधी दोन बादल्या यांनी आणल्या. ताईनं चुकून चहाच्या चोथ्यात दोरा टाकला तरी ते उचलून काढायचे. पण घंटागाडी कोपऱ्यावरून वळली, की यांचा जीव वरखाली. पुढं जाऊन सगळं एकच करत असतील तर? शेवटी एका सकाळी स्कूटर काढून हे गाडीच्या मागं मागं गेले. दुपारी आले ते घामाघूम. मी विचारलं, काय झालं? "दोन्ही येगळं टाकलं," ते निराश होऊन म्हणाले, "मला बघून टाकलं. यांनी मला वळखलं." दुसऱ्या दिवशी ओळखू नये म्हणून रिक्षा करून गेले. तरीही कचरा वेगळाच पडला. त्या दिवशी जेवण झाल्यावर हात धुता धुता म्हणाले, "रिक्षावाल्यानं फोन केला असणार." ताई कपाळाला हात लावून आत गेली. त्यांच्या बादल्या मात्र शेवटपर्यंत वेगळ्याच राहिल्या, हेही सांगायला हवं. नियमावर त्यांचा कधीच राग नव्हता. नियम सगळे पाळतात यावर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून ते स्वतः दुप्पट पाळायचे.

माझ्यावर त्यांचा जीव होता, पण विश्वास होता का, हे मला कधी कळलं नाही. रक्तदाबाच्या गोळ्या ते माझ्याच दुकानातून न्यायचे, पण प्रत्येक पाकीट उजेडात धरून तारीख वाचायचे, मग गोळ्या मोजायचे. पाकिटात दहाच्या जागी नऊ गोळ्या कशा निघतील, दाजी? "निघाल्या तर?" मी चिडायचो. सख्ख्या मेहुण्यावर असा शक घेता म्हणून एकदा चांगला तासभर भांडलो. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "तुझ्यावर नाय रे. तुला ज्यानं दिलं त्याच्यावर."

मागच्या वर्षी जिना चढताना त्यांना धाप लागायला लागली. पहिला संशय त्यांनी जिन्यावर घेतला. सगळ्या पायऱ्या मोजल्या. घर बांधणाऱ्यानं वरच्या तीन पायऱ्या बोटभर उंच केल्यात, त्यामुळं दम लागतो, असा निष्कर्ष काढून त्यांनी तीन महिने काढले. शेवटी एका दुपारी बाजारातून येताना डोळ्यांपुढं अंधारी आली, तेव्हा मी त्यांना जवळजवळ ओढत डॉक्टरांकडं नेलं. हृदयाची सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं, की हृदयातून रक्त बाहेर जायच्या वाटेवरची झडप आखडली आहे, ती बदलावी लागेल, फार दिवस थांबता येणार नाही. दाजी चित्राकडं बघत राहिले. म्हणाले, "म्हंजे आमच्या कॉलनीसारखंच की. टाकीत पाणी हाय, पण व्हॉल्व्ह उघडत नाय." डॉक्टर मनापासून हसले. बाहेर आल्यावर यांनी माझा हात दाबला. "हसला कशाला तो? एवढ्या मोठ्या दुखण्यात डॉक्टर हसतोय म्हंजे त्याचं आधीच काहीतरी ठरलेलं हाय."

मग महिनाभर घोळ चालला. ताई काकुळतीला आली. वैशाली नाशिकहून रोज फोन करायची आणि शेवटी एकच म्हणायची, "मामा, तुम्ही औषधातले, तुम्हीच काय ते सांगा त्यांना." मी औषधातला म्हणजे काय, तर चिठ्ठीवरचं वाचून फळीवरचं काढून देणारा. पण घरात मेडिकलवाला असला की त्याला अर्धा डॉक्टर करून टाकतात, आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडतं. एका सकाळी दाजी दुकानात आले, आत येऊन स्टुलावर बसले. गोळ्या मागितल्या नाहीत, सिग्नलचं काही काढलं नाही. म्हणाले, "सुधाकर, तू सांग. करू का नको?" मी एका माणसाला खोकल्याचं औषध देत होतो. ते देता देताच म्हणालो, "करून टाका दाजी. दुसरा इलाज नाय." मी वाट बघत होतो. आता विचारतील, यात तुझा काय फायदा? त्यांनी विचारलं नाही. "बरं," म्हणाले आणि उठून गेले.

त्या एका "बरं"नं मला नंतर छळलं. ऑपरेशन नीट झालं होतं, दोन दिवस ते बोललेही. चौथ्या दिवशी सकाळी हृदय थकलं आणि थांबलं. डॉक्टरांनी मला बसवून सगळं समजावलं; इतके दिवस आखडलेल्या झडपेशी झुंजून हृदयाचे स्नायू कमजोर झाले होते, ऑपरेशन केलं नसतं तरी फार दिवस मिळाले नसते. मला ते पटलं. पण घरी येऊन आडवा झालो की वाटायचं, हा माणूस जन्मभर कुणाच्या शब्दावर उठला नाही, बसला नाही. आयुष्यात एकदाच त्यानं एका माणसाला काही न विचारता हो म्हटलं, तो माणूस मी होतो, आणि मी तेव्हा खोकल्याचं औषध विकत होतो. निदान त्या गिऱ्हाइकाला थांबवून, दाजींच्या शेजारी बसून बोललो असतो… पण तेवढंही केलं नाही.

मग मीच संशयी झालो. जी औषधं वीस वर्षं डोळे झाकून विकली, त्यांच्यासोबतची बारीक अक्षरातली पत्रकं भिंग घेऊन वाचायला लागलो. भेटायला येणारा कुणी म्हणाला, "अजून थांबायला हवं होतं बहुतेक," की मला वाटायचं, हा मला उद्देशून बोलतोय. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ताई आणि वैशाली माझ्याशी बदलल्या होत्या. ते मला पाचव्या-सहाव्या दिवसापासूनच जाणवलं. मी खोलीत गेलो की त्यांचं बोलणं थांबायचं. वैशाली माझ्या नजरेला नजर देत नव्हती. मी पिशवी उचलली की हातातून काढून घ्यायची, गच्चीवर सतरंज्या न्यायच्या होत्या तर "मामा, तुम्ही नका" म्हणून मला जिन्यापाशीच थांबवलं. जणू आमच्या घरातलं कुठलंच काम आता तुमच्या हातानं व्हायला नको. तेराव्याच्या जेवणाला सगळ्यांच्या पानात लोणचं, पापड, भजी होती. माझ्या पानात वरण-भात आणि बिनमिठाची वाटावी अशी भाजी. मी मागितलंसुद्धा नाही. एवढ्या लोकांत पानावर बसवून असा अपमान करायचा, तर तोंडावर सांगा ना की तुमच्यामुळं आमचा माणूस गेला! मी जेवून न बोलता निघून आलो आणि त्यानंतर महिनाभर त्या घराची पायरी चढलो नाही.

गेल्या रविवारी ताईचाच फोन आला. "ये. तुझ्याशी बोलायचंय." मी समजलो. जाताना रस्ताभर उत्तरं जुळवत होतो, डॉक्टरांचं सगळं म्हणणं पाठ केलं. ताईनं मला खाली बसवलं, चहा दिला. साखर कमी होती. वैशाली नाशिकहून आलेली होती, ती दारात उभी. ताईनं कपाटातून एक फाइल काढली, त्यातून एक कागद, आणि तो माझ्यापुढं धरला. "सुधा, खरं सांग मला. तुझीबी झडप खराब हाय का?"

मला काही कळेना. कागद जालन्याच्या एका दवाखान्याचा होता, हृदयाच्या सोनोग्राफीचा. वर नाव होतं माझं. सुधाकर, पुढं माझ्या वडिलांचं नाव, पुढं आमचं आडनाव. खाली लिहिलं होतं की झडप बरीच आखडली आहे, ऑपरेशन लवकर करावं. मी एकोणसाठ वर्षांचा आहे आणि कागदावर वय अडुसष्ट होतं. "वय चुकलंय त्यांचं," ताई म्हणाली, "पण नाव तर तुझंच हाय. ह्यांच्या फायलीत सापडला, ह्यांना जाऊन आठवडा बी नव्हता झाला. तू ह्यांनाच तेवढं सांगितलं व्हतंस, व्हय? मला नाय सांगितलंस… ह्यांचं असं झालेलं बघून तू घाबरून ऑपरेशन टाळतोयस, असं वाटलं मला. विचारायची हिंमत होईना. एक गेला, आता दुसरा…" आणि ती रडायला लागली. दारातून वैशाली म्हणाली, "म्हणून तुमच्या पानात मीठ, पापड काही वाढू दिलं नाही मी, मामा. तुम्हाला राग आला होता ना?"

मी तारीख बघितली. दाजींनी दुकानात येऊन "बरं" म्हटलं होतं, त्याच्या तीन दिवसांनंतरची. ताईला विचारलं, त्या दिवशी ते कुठं गेले होते? ती डोळे पुसत म्हणाली, "करमाडला. जुन्या ओळखीच्या कुणाचं तरी लग्न हाय म्हणाले. मी म्हटलं, अशा तब्येतीत नका जाऊ. ऐकतात व्हय?" करमाड जालन्याच्याच रस्त्यावर आहे. तिथं ते उतरलेच नसणार, तसेच बसून पुढं गेले असणार. इथले सगळे डॉक्टर एकमेकांना ओळखतात, म्हणून दुसरं गाव. खरं नाव सांगितलं तर फोनाफोनी करून एकच सांगतील, म्हणून दुसरं नाव. आणि त्या वेळी तोंडात आलं ते नाव माझं. खाली कोपऱ्यात पेन्सिलीनं त्यांचं बारीक, सरळ अक्षर होतं. मोजणी खात्यात एकानं मोजलेली जमीन दुसऱ्यानं जाऊन पुन्हा मोजायची रीत असते, त्यानंतर शेरा मारतात. दाजींनी तोच शेरा मारला होता. "फेरमोजणी केली. फरक नाही."

मी तो कागद किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक. मला हसू यायला लागलं आणि ते थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. सात आठवड्यांत पहिल्यांदा मी त्यांच्यासाठी रडलो. आजवर मनात जे चाललं होतं ते माझ्या स्वतःसाठीच होतं. त्यांनी माझ्या शब्दावर जीव सोपवला नव्हता. मी म्हटलं ते ऐकून घेतलं, मला वाईट वाटू नये म्हणून "बरं" म्हटलं, आणि धाप लागत असताना एसटीत बसून, खोटं नाव सांगून, माझ्या शब्दाची खातरजमा करून आले. निर्णय त्यांचा होता. नेहमीसारखाच, स्वतः मोजून घेतलेला. जन्मभर ज्या संशयाचा मला राग आला, त्यानंच माझ्या छातीवरचा धोंडा उचलला. मी ताईला सगळं सांगितलं. दुकानात त्या दिवशी काय झालं, मला काय वाटत होतं, पापडाचासुद्धा राग सांगितला.

ताईनं ऐकून घेतलं. "म्हंजे ह्यांनी तुझ्यावरबी शक घेतला?"

"घेतला ताई. देवाची कृपा, घेतला."

तिनं पदरानं तोंड पुसलं, वैशालीला माझ्यासाठी पापड भाजायला सांगितलं, आणि पुन्हा कागद हातात घेऊन नावावरून बोट फिरवलं. "ते सगळं खरं," ती म्हणाली, "पण तू एकदा दाखवून ये." मी म्हटलं, अगं हा रिपोर्ट दाजींचा आहे, मला काही झालेलं नाही. "तू म्हणतोस तसं. माझी खात्री नको व्हायला?" तिच्यापुढं इलाज नव्हता. बुधवारी जाऊन तपासणी करून घेतली. हृदय ठणठणीत निघालं. संध्याकाळी कागद नेऊन तिच्या हातात दिला आणि म्हटलं, घे, आता तरी झालं समाधान? तिनं तो आधी दिव्याच्या उजेडात धरला. "तुझाच हाय ना रे हा?" असं म्हणून आतून चष्मा शोधून आणला, आणि खिडकीपाशी दाजींच्या खुर्चीत, जिथं त्यांच्यानंतर अजून कुणी बसलं नव्हतं, तिथं बसून पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.